अख्ख्या महाराष्ट्राला वेड लावणारे बालगंधर्व आयुष्यभर कर्जाशी का झुंजत राहिले?

८ जुलै १९२१. मुंबईचं बालीवाला थिएटर. मराठी रंगभूमीवरच्या दोन मोठ्या आणि एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांचे प्रमुख नट त्या रात्री एकाच नाटकात समोरासमोर उभे राहणार होते. नाटक होतं मानापमान. धैर्यधर होते ललितकलादर्शचे केशवराव भोसले आणि भामिनी होते गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व. प्रयोगाचं उत्पन्न जाणार होतं टिळक स्वराज्य फंडाला.

हा संयुक्त मानापमान मराठी नाट्यइतिहासात अमर झाला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी गेले, त्यामुळे त्या रात्रीला आणखी वलय आलं.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. देशाच्या कामासाठी थिएटर भरवणाऱ्या बालगंधर्वांची स्वतःची कंपनी त्याच वर्षी लाखाहून जास्त कर्जात सापडली होती. नाटकं हाऊसफुल्ल, पदांना वन्समोअरवर वन्समोअर, संस्थानिक चाहते, आणि तरीही तिजोरीत खडखडाट. हे झालं कसं?

नारायण राजहंसचा बालगंधर्व झाला

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा, पुण्यातला. घराणं मूळचं सांगली भागातल्या नागठाण्याचं. घरची परिस्थिती बेताची, पण मुलाचा गळा असा की ऐकणारा थांबलाच पाहिजे. नारायण साधारण दहा वर्षांचा असताना पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचं गाणं ऐकलं आणि कौतुकाने त्याला बालगंधर्व म्हटलं, अशी गोष्ट सांगितली जाते. ते नाव चिकटलं ते कायमचं. पुढे सत्तरी ओलांडली तरी महाराष्ट्रासाठी ते बालगंधर्वच राहिले.

त्या काळात संगीत नाटकाचं राज्य होतं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये शाकुंतल रंगभूमीवर आणलं आणि मराठी माणसाला गाण्याचं वेड लागलं. बायकांनी नाटकात काम करणं शिष्टसंमत नव्हतं, त्यामुळे नायिकेची कामं पुरुषच करायचे. किर्लोस्कर मंडळीत हे काम भाऊराव कोल्हटकर करत. लोक त्यांना प्रेमाने भावड्या म्हणत. १९०१ मध्ये भाऊराव गेले आणि किर्लोस्कर मंडळीची नायिकाच हरवली. नट होते, पण गाऊन थिएटर भरवणारा कुणी नव्हता.

इकडे कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कानावर नारायणाचं गाणं गेलं होतं. मुलाच्या कानाला त्रास होता. महाराजांनी मिरजेला त्याच्या उपचारांची सोय केली. किर्लोस्कर मंडळीचा मुक्काम तेव्हा मिरजेत होता. हा मुलगा कंपनीला मिळाला आणि १९०५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, नारायण मिरजेत शकुंतला म्हणून उभा राहिला.

भाऊरावांची जागा भरली गेली. लवकरच लोक भाऊरावांशी तुलना करायचंही विसरले. सौभद्रातली सुभद्रा असो की मृच्छकटिकातली वसंतसेना, बालगंधर्व रंगमंचावर आले की पुरुषाने स्त्रीवेष घेतलाय हे प्रेक्षकांच्या लक्षातही राहत नसे.

पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच मुलगी गेली

१२ मार्च १९११. मुंबईत मानापमानचा पहिला प्रयोग. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं हे पहिलं संगीत नाटक. खाडिलकर म्हणजे टिळकांचे केसरीतले सहकारी. त्यांच्या कीचकवधावर सरकारने नुकतीच बंदी घातली होती. चाली दिल्या होत्या गोविंदराव टेंब्यांनी. त्यामुळे या प्रयोगाकडे सगळ्यांचे डोळे लागले होते.

त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली.

प्रयोग पुढे ढकलला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण तिकिटं विकली गेली होती, लोक येऊन बसणार होते, कंपनीचे पैसे या नाटकात अडकले होते. बालगंधर्वांनी तोंडाला रंग लावला आणि भामिनी म्हणून ते उभे राहिले. प्रयोग प्रचंड गाजला.

ही गोष्ट आजही त्यांच्या निष्ठेचं उदाहरण म्हणून सांगितली जाते. प्रेक्षक आला की त्याला द्यायचं ते पूर्ण द्यायचं, मग घरात काहीही होवो, हा त्यांचा स्वभाव होता. पुढे कंपनी मोठी झाली तीही या स्वभावामुळे आणि बुडाली तीही बरीचशी यामुळेच.

स्वतःची कंपनी

१९११ च्या अखेरीस किर्लोस्कर मंडळीतले नानासाहेब जोगळेकर गेले. कंपनीत कुरबुरी वाढल्या. शेवटी १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. एक गाणारा नट, एक कसलेला गद्य नट आणि एक संगीतकार. भागीदारी म्हणून यापेक्षा चांगली जुळणी त्या वेळी शोधून सापडली नसती.

पुढची काही वर्षं मंडळीने सुवर्णकाळ पाहिला. १९१६ मध्ये देवलांचा संशयकल्लोळ पदांसह आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खाडिलकरांचं स्वयंवर. स्वयंवराचं संगीत होतं भास्करबुवा बखल्यांचं. बुवांनी रागदारीतल्या बंदिशींच्या वळणाच्या चाली नाटकात आणल्या आणि बालगंधर्वांची रुक्मिणी त्या चालींवर स्वार झाली. ज्या माणसाने कधी मैफिलीची पायरी चढली नव्हती, तोही भीमपलास आणि यमन गुणगुणायला लागला, तो या नाटकांमुळे. शास्त्रीय संगीत सामान्य मराठी घरात पोहोचवण्याचं श्रेय बालगंधर्वांना दिलं जातं ते याचसाठी.

त्यांच्या गाण्याची गंमत काय होती? लांबलचक ताना मारून समोरच्याला चकित करणं हा त्यांचा मार्ग नव्हता. शब्द स्वच्छ ऐकू यायचा. त्याच शब्दावर ते छोट्या छोट्या हरकती घ्यायचे, लयीशी खेळायचे आणि दर वेळी त्याचा वेगळा अर्थ पुढे आणायचे. वन्समोअर मिळाला की तेच पद ते नव्याने सजवून गायचे. प्रयोग रात्री सुरू व्हायचा आणि संपता संपता पहाट व्हायची.

२० फेब्रुवारी १९१९ ला बडोद्यात एकच प्याला आलं. लेखक राम गणेश गडकरी त्याच्या महिनाभर आधीच, २३ जानेवारीला गेले होते. नाटकातली पदं वि. सी. गुर्जरांनी लिहिली. सुधाकर होते बोडस आणि सिंधू बालगंधर्व. भरजरी शालू नेसणारी रुक्मिणी पाहिलेल्या लोकांसमोर तोच नट फाटकं, ठिगळाचं लुगडं नेसून दळायला बसला आणि थिएटरात रडारड झाली.

पैसा जात कुठे होता?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

नाटक कंपनी म्हणजे तेव्हा एक फिरतं गावच. नट, गायक, वादक, पडदे ओढणारे, कपडे सांभाळणारे, स्वयंपाकी असा सगळा गोतावळा बरोबर असायचा. त्यांचं राहणं, जेवण, पगार, रेल्वेचं भाडं, सामानाची वाहतूक हा सगळा खर्च कंपनीचा. तिकिटाचं उत्पन्न मात्र फक्त प्रयोगाच्या रात्री. प्रयोग असो वा नसो, चूल रोज पेटायचीच. नवीन नाटक बसवायचं तर महिनोन्‌महिने तालमी आणि त्याआधी पडदे, पोशाख, दागिने. या सगळ्यासाठी आधी सावकाराकडून पैसे उचलायचे आणि मग गल्ल्यातून फेडायचे, असा शिरस्ता होता.

हे गणित सगळ्याच कंपन्यांचं होतं. पण गंधर्व मंडळीचा खर्चाचा हात वेगळाच होता. बालगंधर्वांना रंगमंचावर नकली चालत नसे. शालू हवा तर अस्सल हवा, अत्तर हवं तर उंची हवं. साथीला ऑर्गन, सारंगी आणि तबला, आणि वादकही साधेसुधे नाहीत. सारंगीवर कादरबक्ष आणि पुढे तबल्यावर थेट अहमदजान थिरकवाँ. देशभर मैफिली गाजवणारा तबलानवाज नाटक कंपनीत पगारी नोकर म्हणून राहतो, यावरूनच कंपनीच्या खर्चाचा अंदाज येतो.

कळस झाला तो १९२० मध्ये आलेल्या द्रौपदीला. खाडिलकरांच्याच या नाटकात मयसभा दाखवायची होती. पांडवांचं वैभव दिसलं पाहिजे म्हणून मंडळीने पाण्यासारखा पैसा ओतला. पण स्वयंवर आणि मानापमानसारखं यश द्रौपदीला मिळालं नाही. सजावटीचं कौतुक झालं, पण खर्च वसूल झाला नाही.

तोवर भागीदारीही विस्कटली होती. टेंबे आधीच बाहेर पडले होते, पुढे बोडसही वेगळे झाले. हिशेबावर बारीक नजर ठेवणारं माणूस उरलं नाही. बालगंधर्वांचं स्वतःचं लक्ष वहीखात्यात कधीच नव्हतं. कुणी मागितलं तर नाही म्हणणं त्यांना जमत नसे आणि कंपनीत किती आलं, किती गेलं हे विचारणंही जमत नसे. १९२१ मध्ये खरा आकडा समोर आला तेव्हा कर्ज लाखाच्या पुढे गेलेलं होतं. सोनं तोळ्याला तीस रुपयांच्या आतबाहेर मिळायचं, त्या काळातले हे लाख.

फुकटचा पैसा नको

अशा वेळी कंपनी बंद करून हात वर करण्याचा मार्ग होता. चाहत्यांनी निधी गोळा करून कर्ज फेडण्याची तयारी दाखवली होती, असंही सांगितलं जातं. बालगंधर्वांनी दोन्ही मार्ग नाकारले. प्रेक्षकांकडून पैसे घ्यायचे तर नाटक दाखवून घ्यायचे, असं त्यांनी ठरवलं आणि कर्ज अंगावर घेऊन ते मंडळीचे एकटे मालक झाले.

पुढची काही वर्षं गावोगाव प्रयोग सुरू राहिले. रात्री जागरण, दिवसा प्रवास, पुन्हा रात्री उभं राहायचं. वय पस्तिशीच्या पुढे गेलेलं आणि भूमिका सोळा-सतरा वर्षांच्या नायिकांच्या. विसाचं दशक संपता संपता कर्जाचा हा डोंगर उतरला. गाण्याच्या जोरावर एका माणसाने लाखाचं कर्ज फेडलं, याची त्या काळी जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झालीच. १९२९ मध्ये ते मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले.

या काळात बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा आश्रय मंडळीला मोठा आधार होता. आणि सामान्य घरांमध्ये तर बालगंधर्वांची जादू अशी होती की साडी कशी नेसायची, केस कसे बांधायचे, नथ कशी घालायची हे घरच्या बायका त्यांच्याकडे पाहून शिकत. ज्या समाजाला बाईने रंगमंचावर उभं राहणं मान्य नव्हतं, तोच समाज बाईने कसं दिसावं हे एका पुरुषाकडून शिकत होता.

बोलपट आला आणि गणित बदललं

१९३१ मध्ये आलम आरा आला. पुढच्याच वर्षी प्रभातने अयोध्येचा राजा काढला. त्यात हरिश्चंद्र होते बालगंधर्वांचे जुने भागीदार गोविंदराव टेंबे आणि तारामती होत्या दुर्गा खोटे. पडद्यावर खरी स्त्री गात होती, बोलत होती. तिकीट स्वस्त आणि खेळ तीन तासांच्या आत संपणारा. रात्रभर चालणाऱ्या संगीत नाटकाचा प्रेक्षक हळूहळू तिकडे वळला. नाटकाची थिएटरं सिनेमासाठी जाऊ लागली, कंपन्यांना प्रयोगाला जागा मिळेना.

नाटकाच्या आतही बदल सुरू झाला होता. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने आंधळ्यांची शाळा आणलं. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. जी गोष्ट बालगंधर्वांचं वैशिष्ट्य होती, ती आता जुनी वाटायला लागली. वय पंचेचाळीस झालं होतं, शरीर सुटलं होतं. आवाज मात्र तसाच होता. १९३१ च्या कान्होपात्रातले मास्टर कृष्णरावांनी चाली दिलेले त्यांचे अभंग घरोघरी गेले होते.

पण आवाजावर कंपनीचा खर्च भागेना. पुन्हा कर्ज चढलं. शेवटी मंडळीचा कारभार थांबवून बालगंधर्व प्रभातमध्ये गेले. १९३५ मध्ये व्ही. शांतारामांचा धर्मात्मा आला. त्यात ते संत एकनाथ होते, म्हणजे साड्या नेसून सम्राट झालेला नट पडद्यावर पुरुषाच्या भूमिकेत. सिनेमाचं आधीचं नाव महात्मा होतं, पण त्यातून गांधीजींची आठवण होते म्हणून सेन्सॉरने ते बदलायला लावलं.

सिनेमात बालगंधर्व रमले नाहीत. समोर प्रेक्षक नाही, वन्समोअर नाही, पद रंगलं तरी कॅमेऱ्याचा वेळ संपला की थांबायचं. प्रभातची साथ एका सिनेमातच सुटली. १९३७ मध्ये बाबूराव पेंटरांच्या साध्वी मीराबाईत ते मीरा झाले. त्यांच्याच नाटकावर बेतलेला तो सिनेमा चालला नाही. बालगंधर्व पुन्हा रंगभूमीवर आले.

गोहरबाई आल्या

१९३८ च्या सुमारास मंडळीत गोहर कर्नाटकी आल्या. गाणाऱ्या, बोलपटात काम केलेल्या. त्यांच्या गळ्यावर बालगंधर्वांच्याच गायकीचा ठसा होता. आता नायिकेच्या भूमिका गोहरबाई करू लागल्या आणि बालगंधर्व काही नाटकांत पुरुष भूमिकांत उभे राहू लागले.

व्यवहार म्हणून पाहिलं तर हा शहाणपणाचा निर्णय होता. पन्नाशीच्या नटाने किती दिवस रुक्मिणी व्हायचं? पण लोकांना ते रुचलं नाही. पंचवीस वर्षं पुरुषाची सुभद्रा डोक्यावर घेणाऱ्या प्रेक्षकांना त्याच जागी खरी स्त्री नको होती. त्यात ती मुसलमान आणि गाणाऱ्या बायकांच्या परंपरेतली. काही जुने सहकारी आणि घरची माणसं दुरावली. १९४० मध्ये पत्नी लक्ष्मीबाई गेल्या. १९५१ मध्ये बालगंधर्वांनी गोहरबाईंशी लग्न केलं, तेव्हा टीकेचा भडिमार झाला.

पुढे कित्येक वर्षं बालगंधर्वांच्या पडत्या काळाचं खापर गोहरबाईंवर फोडलं गेलं. पण कर्जाचा पहिला डोंगर त्या येण्याच्या सतरा वर्षं आधी उभा राहिला होता. दुसऱ्या वेळी बोलपटाने सगळ्याच कंपन्यांना घरी बसवलं होतं. कंपनीच्या उतरणीत त्या सामील झाल्या होत्या, उतरण त्यांनी आणली नव्हती. बालगंधर्वांचे पाय अधू झाल्यावर, प्रयोग थांबल्यावर, पैसे नसताना त्यांच्याजवळ राहिल्या त्याही गोहरबाईच. १९६४ मध्ये त्या गेल्या.

शेवटचा हिशेब

उतारवयात बालगंधर्व बसून भजनं गात. १९५५ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं. सन्मान येत राहिले, पण रोजच्या खर्चाची ओढाताण सुटली नाही.

८ ऑक्टोबर १९६२ ला पुण्यात संभाजी उद्यानाच्या शेजारी महापालिकेच्या एका नाट्यगृहाची पायाभरणी झाली, ती खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते. एकेकाळी नाटकासाठी थिएटर मिळेना म्हणून ज्यांची कंपनी थांबली, त्यांच्याच नावाने हे थिएटर उभं राहणार होतं. ते पूर्ण झालेलं मात्र त्यांना पाहता आलं नाही. १५ जुलै १९६७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. पुढच्या वर्षी २६ जूनला, त्यांच्या जन्मदिनी, यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते बालगंधर्व रंगमंदिराचं उद्घाटन झालं. गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन मोठी चित्रं तिथे लावली गेली. एक स्त्री भूमिकेतलं, एक पुरुष वेषातलं.

बालगंधर्व कर्जात का बुडाले, याचं उत्तर फसवणूक, गोहरबाई किंवा सिनेमा या एका शब्दात देता येत नाही. प्रेक्षकाला उत्तमातलं उत्तम द्यायचं आणि त्याची किंमत नंतर बघायची, असा त्यांचा व्यवहार होता. एकदा ती किंमत त्यांनी स्वतः गाऊन फेडली. दुसऱ्या वेळी वय पुढे गेलेलं होतं आणि गाणं ऐकायला रात्रभर बसणारा प्रेक्षकही घटला होता.

त्या खर्चातून प्रेक्षकांना जे मिळालं, ते मात्र टिकलं. तबकड्यांवर मुद्रित झालेली त्यांची पदं आजही नव्या गायकांना ऐकवली जातात आणि मराठी नाट्यसंगीत शिकायला बसलेला माणूस भामिनी, रुक्मिणी आणि सिंधूच्या पदांपाशी आल्याशिवाय पुढे जात नाही.